घोट्याची सोनोग्राफी: काळं दिसलं म्हणजे फाटलं, असं नाही

टेंडनचे (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचे) तंतू एकाच दिशेने रचलेले असतात. ध्वनिलहरी त्यांच्यावर काटकोनात पडल्या तर टेंडन पांढरा, बारीक रेघांचा दिसतो. प्रोब (त्वचेवर टेकवायचा सोनोग्राफीचा हातातला भाग) पाच-दहा अंश कलला की तोच काळा पडतो, अगदी फाटल्यासारखा. घोट्यापाशी तर बहुतेक टेंडन वळसा घेऊनच पावलात उतरतात. म्हणून काळा डाग दिसला की प्रोब जागेवरच ठेवून हळूहळू डोलवा. डाग उजळला तर दोष कोनाचा. उभ्या-आडव्या दोन्ही छेदांत ठाण मांडून बसला, तरच फाटल्याचा विचार.

प्रोब लिनियर, १० ते १८ मेगाहर्ट्झचा. घोट्याच्या उंचवट्यावर त्याची एक कड हवेत राहते. तिथे जोर न लावता जेल वाढवा. जोर लावला की टेंडनभोवतीचं थोडंसं पाणी बाजूला सरकतं आणि दिसायचंच राहतं.

आतल्या घोट्यामागे पुढून मागे क्रमाने हे टेंडन दिसतात: टिबियालिस पोस्टेरियर, फ्लेक्सर डिजिटोरम, मग रक्तवाहिन्या-नर्व्ह आणि शेवटी फ्लेक्सर हॅलुसिस. पहिला टेंडन दुसऱ्याच्या साधारण दुप्पट जाड असतो. शेजारी शेजारी पाहिलं की तुलना आपोआप होते. हॅलुसिसच्या आवरणातलं पाणी लगेच सूज ठरवू नका: काहींमध्ये ते आवरण सांध्याशी जोडलेलं असतं, पाणी तिथूनही येतं.

बाहेरच्या बाजूला पाय मुरगळल्यावर सर्वाधिक दुखावते ती पुढची टॅलोफिब्युलर लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारी पट्टी). प्रोबचं मागचं टोक घोट्याच्या हाडावर, पुढचं टॅलसवर (घोट्याच्या सांध्यातलं पावलाचं हाड), प्रोब तळपायाला जवळपास समांतर. पाऊल किंचित खाली-आत वळवून लिगामेंट ताणा, नाहीतर चांगली लिगामेंटही लोंबकळलेली दिसते. बाहेरच्या घोट्यामागून जाणारे पेरोनियल टेंडन घोट्यावरून निसटतात का, हे मात्र स्थिर चित्रात कळत नाही. पाऊल वर-बाहेर वळवायला सांगून प्रोबखाली पाहावं लागतं.

अकिलीससाठी (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड टेंडन) पेशंट पालथा, पावलं टेबलाबाहेर. जाडी आडव्या छेदातच मोजा; उभा छेद तिरका गेला तर आकडा फुगतो. ६ मिमीच्या वर गेला की टेंडनमधल्या दोषाचा संशय घ्यावा. डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी पद्धत) लावताना पाऊल सैल, प्रोब जेलवर तरंगता. पाऊल ताणलं किंवा प्रोब दाबला की बारीक वाहिन्या मिटतात आणि रंग उमटत नाही. अकिलीस पूर्ण तुटला तरी आतल्या कडेला प्लँटारिसचा बारीक टेंडन शाबूत असू शकतो, आणि त्यालाच उरलेले तंतू समजून ‘अर्धवट फाटला’ असा रिपोर्ट जातो. शंका असेल तर पोटरी दाबून तुटकी टोकं एकमेकांपासून लांब जातात का ते पाहा.