टाकावरचा खंडोबा

आमच्या बेळगावकडच्या मराठी घरांत देव्हाऱ्यातील टाकांमध्ये खंडोबाचा टाक चटकन ओळखू येतो, कारण चांदीच्या इवल्याशा पत्र्यावर एवढी गर्दी दुसऱ्या कोणत्याच देवाच्या वाट्याला येत नाही. उधळलेला घोडा, त्यावर खड्ग उगारलेला देव, सोबत म्हाळसा आणि घोड्याच्या पायांशी कुत्रा, असा सारा परिवार दोन बोटे रुंद जागेत उठावाने ठोकलेला असतो. वर्षानुवर्षे चिंच लावून घासल्यामुळे आमच्या टाकावरील चेहरे केव्हाच सपाट झाले आहेत. घोड्याची मान आणि खड्गाचे टोक तेवढे अजून बोटाला लागते. देव उजळायला सोनाराकडे नेताना नवा टाक करून घ्यावा, असे कोणीतरी हटकून सुचवते आणि घरातील वडीलधारे ते तितक्याच हटकून मोडीत काढतात.

देवळात हाच देव कुठे स्वयंभू लिंगरूपात, तर कुठे खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र धारण केलेल्या चतुर्भुज मूर्तीच्या रूपात पुजला जातो. आयुधांवरून तो शिवाचा अवतार मार्तंडभैरव ठरतो. घोडा मात्र, कथेप्रमाणे, त्याने हरवलेल्या मणी दैत्याचा आहे. शरण आलेल्या मणीने तो देवाला अर्पण केला आणि देवाच्या सान्निध्यात जागा मागून घेतली, म्हणून जेजुरीला मणीचीही पूजा होते. शत्रूला असे घरात घेणारा देव मला इतर दैत्यसंहारक देवांहून अधिक जवळचा वाटतो.

आमच्या जिल्ह्यात खंडोबाचे ठाणे मंगसुळीला आहे; पण कुळाचाराप्रमाणे कोणी जेजुरी गाठतो, तर कोणी खाली विजयनगर जिल्ह्यातील मैलारला जातो. तिकडे तो मैलारलिंग होतो आणि म्हाळसा-बाणाईच्या जागी गंगीमाळव्वा व कुरुबत्तेव्वा येतात. दुसरी पत्नी धनगराचीच, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे कायम राहते. सेवेकऱ्यांचा वेष बदलतो: आपल्याकडे गळ्यात भंडाऱ्याची पिशवी अडकवलेला वाघ्या, तर तिकडे काळी घोंगडी, अस्वलाच्या केसांची टोपी आणि हाती डमरू असलेला गोरव. परंतु देवाचे कुत्रे होऊन भुंकण्याची चाल दोघांतही आढळते, आणि टाकावरील ती सर्वांत लहान आकृती नुसती शोभेची नाही, हे तेव्हा उमजते.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला बसलेले देव चंपाषष्ठीला उठतात. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी या दिवशी भरीत होऊन रोडग्यासोबत नैवेद्याला येतात. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवून विषम संख्येने जमलेले पुरुष ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत तळी उचलतात. त्यानंतर कुत्र्याला घास घातल्याखेरीज घरात पान वाढायचे नाही, हा आमच्याकडचा दंडक आहे; दुपार टळेपर्यंत गल्लीतील कुत्री इतकी तृप्त झालेली असतात, की उशिरा नैवेद्य करणाऱ्या घरांना हातात रोडगा घेऊन त्यांच्या मागे फिरावे लागते.