पाठीवरचं नाव

परवा भाचीची जर्सी प्रिंट करायला गेले होते. नेरुळ स्टेशनजवळ एक चिंचोळं दुकान आहे, ट्रॉफ्या, शिट्ट्या, कॅरमच्या सोंगट्या सगळं एकत्र लटकवलेलं, आणि अगदी मागे कोपऱ्यात हीट प्रेसचं मशीन. दुकानदारांनी मान वर न करताच विचारलं, नाव टाकू की आडनाव? मी म्हटलं आडनावच टाका की, क्रिकेटवाल्यांचं कसं असतं, शर्मा, तेंडुलकर, लांबून वाचता येतं. तर सानिका एकदम उसळली. "मावशी, आइतानाच्या पाठीवर आइतानाच असतं. बोनमाती नसतं." दुकानदार म्हणाले, आइताना कोण? झालं. पुढची दहा मिनिटं मशीन तापत राहिलं आणि आमचं कन्यारत्न बोलत राहिलं.

तर ही आइताना बोनमाती, बार्सिलोना क्लबची आणि स्पेनची फुटबॉलर, मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत खेळणारी. मी फुटबॉलवाली नाही, आधीच सांगते. ऑफसाइड मला समजावून सांगितला की पाच मिनिटं समजतो, मग परत जातो. पण सानिकाची आई शिफ्ट ड्युटीवर असते त्यामुळे रात्रीच्या मॅचेसना सोबत मी, आणि अशी दोन वर्षं रात्री जागून जागून मला या बाईबद्दल इतकं माहीत झालंय की ऑफिसात कोणी विचारलं तर मी लंच ब्रेक खाऊन टाकते.

मला तिच्या खेळाआधी तिचं नाव आवडलं. म्हणजे नावाची गोष्ट. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, एक बापाचं, एक आईचं, आणि बाई लग्न झालं म्हणून आपलं आडनाव सोडत नाही. ऐकायला किती छान ना. पण मेख अशी की पहिलं आडनाव बापाचंच असायचं, कायद्यानेच, आणि रोजच्या वापरात पहिलंच राहतं, दुसरं कागदोपत्री. म्हणजे आई तिथेही होतीच पण शेपटाला. आइताना जन्मली १८ जानेवारी १९९८ ला. आई आणि बाबा दोघंही कॅटलान भाषा आणि साहित्य शिकवणारे शिक्षक, आणि दोघांनाही वाटत होतं की मुलीला आईचं आडनाव आधी लागावं. नुसतं वाटून थांबले नाहीत, नियम बदलावा म्हणून धडपडणाऱ्यांत हे दोघं होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये कायदा झाला की आईवडिलांनी आपसात ठरवून क्रम ठरवावा, आणि २००० पासून लागू झाला. म्हणून ती बोनमाती कोन्का. बोनमाती आईचं, कोन्का बाबांचं. नाहीतर आज कॉमेंटेटर घसा फाडून कोन्का कोन्का ओरडत असते.

हे सानिकाने मला सांगितलं तेव्हा मी तिचा अकॅडमीचा फॉर्म भरत होते, गंमत म्हणजे. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तीन डबे, आणि आई कुठे तर खाली, आणीबाणीत संपर्क. फोन मात्र तिनेच उचलायचा. आपल्याकडे आता १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बाबांचं, मग आडनाव असा नियम आलाय, पण सानिका त्याच्या कितीतरी आधीची, तिला तो लागू नाही. आणि माझं स्वतःचं म्हणाल तर लग्नात मधलं आणि शेवटचं दोन्ही बदललं, पॅनवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, त्याचं रडगाणं इथे नको.

पण मजा बघा. ज्या आडनावासाठी आईबापांनी एवढा खटाटोप केला ते बार्सिलोनाच्या जर्सीवर नाहीच. आइताना, आणि खाली १४. तिकडे हे सर्रास चालतं, अलेक्सिया पुतेयासचं अलेक्सिया, मारिओना काल्देन्तेचं मारिओना. मी असते तर आईने कानाखाली दिली असती, तुझ्यासाठी आम्ही कायद्याशी भांडलो आणि तू साधं छापत नाहीस.

१४ सुद्धा उगाच नाही. योहान क्रायफ, डच खेळाडू, बार्सिलोनाचा आधी खेळाडू आणि मग कोच, त्याचा आकडा. या पोरीला लहानपणापासून क्रायफच्या विचारांचं वेड, आणि शावी आणि इनिएस्ता हे दोघं दैवत. दोघंही मिडफिल्डर, दोघंही उंचीने बेताचे. ही पण १६२ सेंटिमीटर, म्हणजे माझ्याएवढीच, हे मी घरी दोनतीनदा बोलून दाखवलंय, कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

ती वाढली सान्त पेरे दे रिबेस या गावात, बार्सिलोनाच्या दक्षिणेला, समुद्राच्या जवळ. आधी तिथल्या आणि शेजारच्या क्लबात पोरांच्यातच खेळायची, मुलींची टीम नव्हतीच हाताशी. चौदा वर्षांची असताना, २०१२ मध्ये, बार्सिलोनाने घेतलं. आता आपल्याला वाटतं बार्सिलोनाने घेतलं म्हणजे झालं, क्लबची ती प्रसिद्ध अकॅडमी ला मासिया, जिथे मेस्सी वाढला, तिथे राहायला खोली, जेवायला ताट. तर नाही. ला मासियात राहायची सोय मुलांची. मुलींना तिथे राहायला मिळालं २०२१ मध्ये. दोन हजार एकवीस! तोपर्यंत ही फर्स्ट टीममध्ये येऊन पाच वर्षं झाली होती. मग ती प्रॅक्टिसला जायची कशी तर सार्वजनिक वाहनाने, आणि बरोबर बाबा. शाळा सुटली की बॅग घेऊन निघायचं, तिकडे पोचायचं, प्रॅक्टिस, आणि रात्री परत. मला या सगळ्या कहाणीत तो बाप फार दिसतो, दिवसभर पोरांना व्याकरण शिकवून आलेला, शेजारी मुलगी बसल्या बसल्या पेंगतेय, आणि याच्या मांडीवर तिची बुटांची पिशवी. हे पेंगणं आणि पिशवी माझ्या मनातली हं, कुठे वाचलेली नाही. पण संध्याकाळच्या हार्बर लाइनला असे बाप मी रोज बघते, कोणाच्या मांडीवर तबला, कोणाच्या मांडीवर स्केटिंगचे बूट, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार.

खेळ कसा आहे म्हणाल तर मला तांत्रिक सांगता येत नाही. मला एवढंच दिसतं की बॉल तिच्याकडे येत असतो तेव्हा ती बॉलकडे बघतच नसते. मागे बघते, डावीकडे, परत मागे, पटकन, रस्ता ओलांडताना बघतो ना तसं, आणि बॉल पायाला लागेपर्यंत तिचं ठरलेलं असतं. मग अर्धं वळण, आणि समोरची जी अडवायला आलेली असते ती चुकीच्या दिशेला निघून गेलेली. बस. यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही म्हणून पहिल्या काही मॅचेस मला ती दिसलीच नव्हती. मिडफिल्डरचं असंच असतं बहुतेक, गोल करणारीचं नाव स्क्रीनवर येतं, आणि तीन पास आधी दार कोणी उघडलं ते आपल्याला रिप्लेतही दिसत नाही. सानिका सारखी म्हणायची, मावशी बॉल बघू नको, तिला बघ. तसं एकदा केलं, पूर्ण हाफ. मग मी गेलेच.

आणि असं नाही की गोल करत नाही. २०१९ ला बार्सिलोना पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, फायनलला गेली आणि फ्रान्सच्या ल्योंने ४-१ असं धुतलं. दोन वर्षांनी गोथेनबर्गला चेल्सीला ४-० हरवून पहिल्यांदा कप आणला त्यातला एक गोल हिचा, आणि मॅचची बेस्ट प्लेयर पण हीच. २०२२ मध्ये कॅम्प नोवर, बार्सिलोनाच्या मोठ्या स्टेडियमवर, बायकांची मॅच बघायला आधी ९१,५५३ माणसं आली, रेआल माद्रिदविरुद्ध, आणि महिनाभरात वोल्फ्सबुर्गविरुद्ध ९१,६४८. दोन्ही मॅचमध्ये हिचा गोल. मग २०२४ ला बिलबाओच्या फायनलमध्ये परत ल्यों समोर, ज्यांच्यापुढे बार्सिलोना आधीच्या दोन फायनल हरलेली, आणि ६३व्या मिनिटाला गोल कोणाचा ते सांगायला नको. दुसरा अलेक्सियाचा, अगदी शेवटाला. ती रात्र आमच्याकडे बिल्डिंगच्या सेक्रेटरींपर्यंत गेली होती.

मधे एक वेगळंच प्रकरण. सप्टेंबर २०२२ मध्ये स्पेनच्या पंधरा खेळाडूंनी फेडरेशनला ईमेल पाठवले की सध्याच्या परिस्थितीत आम्हाला खेळवू नका. त्यात आइताना होती. पंधरातल्या तिघीच पुढच्या वर्षी वर्ल्ड कपच्या टीममध्ये होत्या, ही, ओना बात्ये आणि मारिओना. म्हणजे ज्याच्याशी भांडण त्याच फेडरेशनसाठी जीव तोडून खेळायचं. ग्रुपमध्ये जपानने ४-० मारलं, सगळ्यांनी मान हलवली, आणि मग २० ऑगस्ट २०२३ ला सिडनीत इंग्लंडला १-० हरवून कप यांचा. गोल ओल्गा कार्मोनाचा, आणि स्पर्धेचा गोल्डन बॉल, म्हणजे बेस्ट प्लेयरचं बक्षीस, आइतानाला. आणि त्यावर नासकं विरजण, फेडरेशनचा तेव्हाचा अध्यक्ष रुबियालेस आणि त्याने स्टेजवर टीममधल्या जेनी एर्मोसोचं तिला न विचारता घेतलेलं ते चुंबन. त्यावर मी लिहायला लागले तर लेख तिकडेच जाईल. एवढंच, की दहाबारा दिवसांनी मोनाकोला युरोपची बेस्ट प्लेयर म्हणून बक्षीस घ्यायला आइताना स्टेजवर गेली तेव्हा गोड गोड थँक्यू न म्हणता ती जेनीबद्दल बोलली, सगळ्या सूटबुटातल्या लोकांसमोर.

त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या बेस्ट फुटबॉलरला मिळणारा सोन्याचा बॉल. मग २०२४ ला परत. मग २०२५ ला परत, सलग तिसऱ्यांदा, बायकांमध्ये हे आधी कोणी केलेलं नव्हतं, आणि पुरुषांत सलग तीन म्हणजे प्लातिनी आणि मेस्सी. त्याच्या आधीचे दोन अलेक्सियाचे, म्हणजे सलग पाच वर्षं एकाच क्लबच्या मिडफिल्डमध्ये तो सोन्याचा गोळा फिरतोय.

पण मला विचाराल तर तिची खरी मॅच २०२५ च्या युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची, सेमीफायनल. स्पर्धेच्या थोडे दिवस आधी तिला व्हायरल मेनिंजायटिस झाला, मेंदूच्या आवरणाला सूज, हॉस्पिटलात ॲडमिट. मेनिंजायटिस! आमच्याकडे साधा व्हायरल आला की आठ दिवस मऊ भात. ही पहिल्या मॅचला बेंचवर होती आणि शेवटी शेवटी मैदानात पण आली. आणि मग २३ जुलै, झुरिच, समोर जर्मनी, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू. नव्वद मिनिटं ०-०. एक्स्ट्रा टाइम. मी सोफ्यावर आडवी, डोळे मिटलेले, पहाटेचे तीन वाजत आलेले, ११३वं मिनिट, बॉल हिच्याकडे, पेनल्टी बॉक्सच्या कडेला, गोलकडे जवळपास पाठ, कोन इतका अवघड की कोणीही मधे पासच देईल. तिने वळून सरळ गोलकीपर आणि जवळचा खांब यांच्यातल्या फटीत मारला. सानिकाने उशी तोंडात कोंबून किंकाळी मारली कारण सेक्रेटरी.

आणि चार दिवसांनी फायनलमध्ये इंग्लंडविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये हिचीच पेनल्टी अडवली गेली. स्पेन हरलं. स्पर्धेची बेस्ट प्लेयर म्हणून नाव हिचं पुकारलं आणि ही पेनल्टीबद्दल माफी मागतेय. सानिका दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मी काय केलं होतं कोण जाणे.

त्या युरोच्या पहिल्या मॅचला आइतानाच्या जागी सुरुवातीला जी खेळली, पोर्तुगालविरुद्ध, आणि सातव्या मिनिटाला गोल मारून मोकळी झाली, ती विकी लोपेझ. हिला मी आधी बघितलंय हो, प्रत्यक्ष. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींचा अंडर १७ वर्ल्ड कप भारतात होता, आणि फायनल आमच्या डी वाय पाटीलला, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. सानिका तेव्हा नऊ वर्षांची, तिला नुसतं स्टेडियमचे लाइट बघायचे होते. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, तोही कोलंबियाचा स्वयंगोल, आणि स्पर्धेचा गोल्डन बॉल विकीला. त्याआधी मडगावला सेमीफायनलमध्ये जर्मनीविरुद्ध ९०व्या मिनिटाला गोल तिचाच. मी त्या दिवशी बहुतेक वेळ वडापावच्या रांगेत होते, आता खूप वाईट वाटतं. परत नोव्हेंबर २०२५ मध्ये आइतानाचा प्रॅक्टिसमध्ये पाय मोडला, डाव्या पायाचं फिब्युला हाड, आणि दोन दिवसांनी माद्रिदला नेशन्स लीगच्या, युरोपातल्या देशांच्या आणखी एका स्पर्धेच्या, दोन मॅचच्या फायनलमधल्या दुसऱ्या मॅचमध्ये जर्मनीला ३-० हरवताना एक गोल विकीचा. ही पण नुसतीच विकी. आडनाव कोणी विचारत नाही.

तर दुकान. दुकानदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अक्षराला वीस रुपये, इंग्रजीत आडनाव दहा अक्षरी आहे, नाव सहा अक्षरी, नावच टाका. हा मुद्दा आमच्या दोघींच्याही लक्षात आला नव्हता. सानिका, खाली १४, पिवळ्या रंगात. भाऊंनी बजावून सांगितलं, ताई, इस्त्री उलटी करून करा.

मी सुलटी केली. शेवटचं अक्षर इस्त्रीला चिकटून आलं, त्याच्या जागी पिवळट डाग आणि वर जळका वास. १४ शाबूत. मी घाबरत घाबरत जर्सी दाखवली, म्हटलं उद्याच नवीन अक्षर लावून आणते. तिने उलटसुलट करून बघितली आणि बॅगेत कोंबली. "राहू दे गं मावशी, बॉल मागताना सगळे सानीच ओरडतात."