सेव्हच्या खिडकीतला एक चेकबॉक्स

आज दिवसभर एका चेकबॉक्सपायी बसले होते. संध्याकाळी तो दिसला तेव्हा खरंच भरून आलं. फाइल सेव्ह करतानाच 'जुनी प्रत ठेवा' असं विचारायचं होतं. आमच्या प्रोग्रॅमचा जुना कोड त्यासाठी विंडोजच्या सेव्हच्या खिडकीला, म्हणजे डायलॉगला, हुक आणि टेम्प्लेट (आपला कोड आणि आपली मांडणी त्यात घुसवायची जुनी पद्धत) लावायचा. त्यामुळे विंडोज ११ वरही डायलॉग एक्सपीच्या काळातला दिसायचा, डावीकडची फोल्डरांची उतरंड गायब! शेवटी २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून मिळणारा आयफाइलडायलॉगकस्टमाइझ (या डायलॉगमध्ये आपली बटणं-चेकबॉक्स घालायचा विंडोजचाच इंटरफेस) घेतला. त्यातल्या चेकबॉक्स घालणाऱ्या अ‍ॅडचेकबटनला एक आयडी, एक लेबल आणि सुरुवातीला टिक हवी की नको ते, बस्स. फक्त हे सगळं डायलॉग उघडणारा शो बोलावण्याआधी करायचं. चेकबॉक्सची जागा विंडोजच ठरवतं, आपण पिक्सेल मोजत बसायचं नाही. हे मला फार पटलं, कारण लोकांच्या हाताला सवय असलेली खिडकी तशीच राहते. आणि ते मराठी लेबल, जोडाक्षरासकट, अगदी नीट उमटलं.