तुम्ही विचारलंत म्हणून: पिस्तूल जवळ बाळगताना गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून ती उडते तिथे) ठेवावी की मॅगझिनमध्येच (गोळ्यांच्या पेटीत)?

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तेव्हापासून तिकडची मराठी मंडळी हे हमखास विचारतात. (एच-१बीवर असाल तर आधी वकील गाठा. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले, तर संघीय कायद्यानं तुम्हाला बंदूक बाळगायला बंदीच आहे.)

माझं उत्तर: गोळी चेंबरमध्ये ठेवा, पण ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) असेल तरच. पर्समध्ये किल्ल्यांसोबत किंवा नुसतं कमरेला खोचून पिस्तूल नेणार असाल, तर चेंबर रिकामं बरं. खरं तर तसं नेऊच नका.

चेंबर रिकामं असलं की गोळी चढवण्यासाठी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला दुसरा हात लागतो. ऐन वेळी त्याच हातानं मूल धरलेलं असतं किंवा अंगावर आलेल्याला ढकलायचं असतं. घाईत स्लाइड अर्धवट ओढली, तर गोळी चढत नाही किंवा मध्येच अडकते.

पडलं तर उडेल, ही भीती पिस्तुलावर अवलंबून आहे. ग्लॉकमध्ये ट्रिगर मागे येईपर्यंत फायरिंग पिन (गोळीवर आदळून ती उडवणारी सुई) आतून अडवलेली असते. ‘१९११’ नावाच्या पिस्तुलाच्या जुन्या आवृत्त्यांत असा अडसर नाही, नळीवर जोरात आदळलं तर गोळी सुटू शकते. कोल्ट कंपनीनं तो अडसर आपल्या १९११ च्या ‘सिरीज ८०’ आवृत्तीत घातला.

मात्र ग्लॉकच्या ट्रिगरला जेमतेम अडीच किलोचा दाब पुरतो, आणि तो बोटाचा की शर्टाच्या टोकाचा, हे त्याला कळत नाही. म्हणून घात होतो तो बहुधा पिस्तूल परत ठेवताना. जॅकेटच्या नाडीचं टोक ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) शिरतं, वरून हात रेटतो, गोळी मांडीत. मऊ चामड्याच्या होल्स्टरचं तोंड आत दुमडलं तरी तेच. कायडेक्सचं (कडक प्लॅस्टिकचं) घ्या. परत ठेवताना कपडा बाजूला धरा, बोट ट्रिगरबाहेर सरळ ठेवा, होल्स्टरच्या तोंडाकडे बघा आणि सावकाश सरकवा. इथे घाई कसली?

भरताना नळी सुरक्षित दिशेला. मॅगझिन घाला, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडून द्या. हातानं धरून पुढे आणू नका, नीट बंद होत नाही. पिस्तूल होल्स्टरमध्ये गेल्यावर मॅगझिन काढून त्यात चेंबरमध्ये गेलेल्या गोळीच्या जागी एक घाला आणि मॅगझिन परत लावा.

रोज रात्री रिकामं करून सकाळी तीच गोळी चढवणाऱ्यांनी ती नव्या गोळीशेजारी उभी करून बघावी. रॅम्पवर (चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) आपटून आपटून गोळीच्या टोकाचं शिसं काडतुसात खचतं, आतली जागा कमी होते आणि उडवताना दाब धोकादायक वाढतो. आखूड दिसली की बाजूला काढा.

रिकामं करताना आधी मॅगझिन, मग स्लाइड. क्रम उलटला तर स्लाइड एक गोळी बाहेर फेकते आणि मॅगझिनमधली दुसरी गुपचूप चेंबरमध्ये चढवते. मग मॅगझिन हातात आलं, की माणूस पिस्तूल रिकामं समजतो. म्हणून स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये बघा, आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपा.