नाव आत्यांचं, नोटीस मला

दिवाळी सरली की गोधड्यांचा हंगाम लागतो. नोव्हेंबरपासून संक्रांतीपर्यंत आमची वर्षाची निम्मी विक्री होते. 2024 च्या नोव्हेंबरात, बरोबर याच दिवसांत, ज्या ऑनलाइन बाजारात आम्ही माल विकतो तिथलं आमचं पानच नाहीसं झालं. आधी वाटलं, नेट गंडलंय. मग लॉगिन केल्यावर लाल पट्टी दिसली: ट्रेडमार्कच्या तक्रारीवरून तुमचा सगळा माल विक्रीतून काढला आहे, तक्रारदाराशी परस्पर मिटवा. खाली तक्रारदाराच्या वकिलाचा ईमेल. फोन नंबर कुठेच नाही.

त्याच आठवड्यात स्पीड पोस्टानं नोटीस आली. दिल्लीच्या वकिलाची, सहा पानी, इंग्रजीत. आमचे अशील अमुक नावाचे नोंदणीकृत मालक आहेत, तुम्ही ते बेकायदा वापरत आहात, सात दिवसांत वापर थांबवा, त्या नावाचा सगळा माल, टॅग, पिशव्या नष्ट करा, झालेल्या विक्रीचा हिशोब द्या, आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाई भरा. नष्ट करा! एक गोधडी शिवायला एका बाईचे पंधरा-वीस दिवस जातात.

आमच्या व्यवसायाचं नाव मी इथे लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. एवढंच सांगते, नावात दोन शब्द आहेत. दुसरा शब्द गोधडी, आणि पहिला माझ्या सासूबाईंचं नाव.

आम्ही सासूला आत्या म्हणतो. आत्या माण तालुक्यातल्या. तिकडे पाऊस कमी, शेती बेभरवशाची आणि उन्हाळा लांबलचक, त्यामुळे दुपारी ओसरीवर बायकांनी वाकळ, म्हणजे गोधडीच, शिवायला बसायचं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. 2014 साली मी त्यांच्या हातची चार दुपटी साताऱ्यात मैत्रिणींना विकली, तिथून हे सुरू झालं. आता बचत गटातल्या बारा बायका शिवतात. जुन्या सुती साड्या धुऊन, उकलून, ओसरीवर थरावर थर अंथरायचे, चुणी राहू द्यायची नाही, आणि कडेनं धावदोरा घालत घालत आत यायचं. चारी बाजूंनी चौघी बसल्या की मधला चौकोन लहान लहान होत जातो. आमच्या बाळदुपट्यांना मागणी जास्त, कारण एका कोपऱ्यात बाळाचं नाव आणि जन्मतारीख लाल दोऱ्यानं शिवून देतो. समोरच्या कोपऱ्यात आमचं नाव. टॅग वगैरे फार नंतर आले.

नोटीस वाचून दाखवल्यावर आत्या म्हणाल्या, "आगं पर नाव माजं हाय की. त्येंच्यात ह्या नावाची कोण बाई हाय का, इचार की त्यास्नी."

साताऱ्यातले आमचे नेहमीचे वकील जमिनीच्या दाव्यांचे. त्यांनी स्वच्छ सांगितलं, हे माझं काम नव्हे, आणि पुण्यातल्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला. बाईंनी नोटीस बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडला. ट्रेडमार्कचं रजिस्टर सरकारच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतं, हे मला तेव्हा कळलं. समोरच्या कंपनीचा अर्ज होता 2019 चा, वर्ग 24 मध्ये. म्हणजे कापड, चादरी, रजया. बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. 'केव्हापासून वापर' या रकान्यात लिहिलं होतं, 'प्रपोज्ड टु बी यूज्ड'. म्हणजे अर्ज केला तेव्हा त्यांनी हे नाव वापरायला सुरुवातही केली नव्हती.

"तुम्ही केव्हापासून वापरता?"

"2014."

"दाखवा."

ट्रेडमार्क कायदा 1999 चा आहे. नोंदणी झाली म्हणजे नाव कायमचं त्यांचं, अशी माझी समजूत होती, आणि नोटिशीची भाषाही तीच समजूत पक्की करणारी. पण त्याच कायद्यात चौतीसावं कलम आहे. नोंदणीवाल्यानं नाव वापरायला लागण्याच्या आधीपासून, आणि त्याच्या नोंदणीच्याही आधीपासून, तुम्ही ते सलग वापरत असाल तर तो तुम्हाला थांबवू शकत नाही. बाईंनी तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याचा खटला सांगितला. इरुट्टुकडै म्हणजे अंधारं दुकान. त्या अंधाऱ्या दुकानातला हलवा इतका प्रसिद्ध की दुसऱ्यानं तेच नाव घेऊन हलवा विकायला काढला. नोंदणी दोघांकडेही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2015 मध्ये कोर्टानं म्हटलं, आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. हलव्याच्या दुकानाचं ऐकून मला जरा धीर आला. रजईच्या कंपन्यांची उदाहरणं देऊन आला नसता.

"पण," बाई म्हणाल्या, "हलवावाल्यांकडे पुरावा होता. 2019 च्या आधीचा दर वर्षाचा काहीतरी कागद आणा. मध्ये खंड नको."

मग तो रविवार. ओसरीवर एकीकडे डबल बेडची ऑर्डर अंथरलेली आणि दुसरीकडे मी, माझे मिस्टर आणि कॉलेजातली पुतणी, दहा वर्षांच्या पिशव्या, फायली, बिस्किटांचे डबे ओतून बसलेलो. सुरुवातीची दोन वर्षं बिलं नव्हतीच. कोण देतं बिल ओळखीतल्या दुपट्याला? पैसे रोख, वहीत पेन्सिलीनं नावं. 2016 पासून बिलबुकं होती, पण त्यातल्या एकाचा कोपरा उंदरांनी असा खाल्लेला की तारखाच गेलेल्या. रक्कम शाबूत!

पुतणीला स्पीड पोस्टाच्या पावत्यांची जाडजूड गड्डी सापडली. मी जवळजवळ ओरडलेच, कारण प्रत्येक पार्सलची पावती मी जपून ठेवली होती, रबरबँड लावून, वर्षवार. पुतणीनं रबरबँड काढला. पावत्या कोऱ्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, कुठे कुठे करड्या रंगाची एखादी रेघ. थर्मल कागदावरची छपाई काही वर्षांत उडून जाते हे तिनंच सांगितलं. तिरप्या उजेडात धरून एका पावतीवर 'सातारा' एवढं वाचता आलं. मी त्या पावत्या टाकल्या नाहीत, बाईंनाही नेऊन दाखवल्या. त्यांनी एकदा बघितल्या आणि गड्डी परत माझ्याकडे सरकवली.

महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनात मुंबईत स्टॉल लावला होता, त्याचं पत्र मिळालं. शिक्का, तारीख, सगळं चोख. पण पत्रावर नाव बचत गटाचं. आमचं नाव फक्त बॅनरवर, आणि बॅनर पुढे पत्र्याच्या शेडला झाकण म्हणून गेला.

मग मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी त्यांच्या मुलीचं दुपटं कपाटातून काढून फोटो पाठवला. एका कोपऱ्यात मुलीचं नाव आणि 2015 ची जन्मतारीख, दुसऱ्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आमचं नाव, आत्यांच्या हातचं. 'ग'चा काना नेहमीसारखा बाहेर पडलेला. याहून मोठा पुरावा काय हवा, असं मला वाटलं. तेव्हाच्या तेव्हा फोटो बाईंना पाठवला.

बाईंचा फोन आला. "छानच आहे. पण समोरचा वकील विचारेल, ही तारीख मुलीच्या जन्माची आहे, शिवल्याची कशावरून? काल शिवली नाही कशावरून? त्या ताईंनी पैसे कसे पाठवले होते?"

पैसे त्यांच्या आईनं कोथरूडच्या बँकेतून पाठवले होते. पासबुकात नोंद सापडली, 2015, आणि नोंदीत पाठवणाऱ्यानं टाकलेला शेरा: आमच्या नावातला पहिला शब्द आणि पुढे इंग्रजीत 'जीओडी', कारण जागा तेवढीच. बाई खूश झाल्या त्या या तीन अक्षरांवर. दुपटं, पासबुकाची नोंद आणि ताईंचं प्रतिज्ञापत्र, असं तिन्ही मिळून उभं राहतं म्हणाल्या. त्याशिवाय 2016 मध्ये एका वर्तमानपत्राच्या सातारा पुरवणीत आमच्यावर छोटा मजकूर आला होता, फोटोसकट, नावासकट. पानाच्या माथ्यावर छापील तारीख. त्या चौकटीचं मी तेव्हा लॅमिनेशन केलं होतं, पण फक्त मजकूर कापून. तारखेसाठी कचेरीत जाऊन जुना अंक काढावा लागला. फेसबुकच्या जुन्या पोस्टही होत्या, पण नुसता स्क्रीनशॉट चालत नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमाखालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, कोणत्या फोनमधून काढलं, कुणी काढलं, सगळं लिहून. पुतणीनं ते काम एकटीनं केलं आणि मला पहिल्यांदाच कळलं की ही पोरगी कामाची आहे.

मला राग आला तो कंपनीपेक्षा त्या ऑनलाइन बाजाराचा. कंपनीचं एक वेळ समजू शकते. नाव साधं आहे, महाराष्ट्रात आत्यांच्या नावाच्या हजारो बायका असतील, त्यांना आम्ही माहीतच नसू. पण बाजारवाल्यांच्या फॉर्ममध्ये नोंदणी क्रमांक टाकला की समोरच्याचं दुकान बंद, आणि बंद झालेल्याचं म्हणणं ऐकायला माणूस नाही. ना कोर्टाचा हुकूम, ना सुनावणी. ऐन हंगामात.

आता आत्यांच्या नावाचं. कायद्यात पस्तिसावं कलम असं की माणूस आपलं स्वतःचं नाव, किंवा आपल्या आधी तो धंदा करणाऱ्याचं नाव, प्रामाणिकपणे वापरत असेल तर नोंदणीवाला त्यात आडवा येऊ शकत नाही. बाईंनी आत्यांचं आधार कार्ड मागितलं आणि तिथेच घोटाळा झाला. आधारवर लग्नानंतरचं नाव, जे सासरी ठेवलं आणि कुणीच कधी वापरलं नाही. गाव ज्या नावानं हाक मारतं ते माहेरचं, तेच धंद्याला दिलेलं, आणि ते एकाही सरकारी कागदावर नाही. जन्मतारीख एक जून. आमच्या गावात निम्म्या लोकांची एक जूनच असते, शाळेच्या कृपेनं. आत्या तर शाळेत गेल्याही नव्हत्या, तरी एक जून.

बाईंनी त्यांचं प्रतिज्ञापत्र तयार केलं: अमुक उर्फ अमुक. नोटरीसमोर आत्यांनी विचारलं, "सही कंच्या नावाची करू?" नोटरी म्हणाले, आधारवरची. आत्यांना ती येत नव्हती. त्यांना एकच सही येते, गटाच्या रजिस्टरवरची, हाक मारायच्या नावाची. बाई घाईघाईनं म्हणाल्या, तीच करू द्या, आणि शेजारी अंगठाही घ्या. गटाचं रजिस्टर 2013 पासूनचं होतं. त्याच्या झेरॉक्स प्रतीही जोडल्या. जोडताना बाई मिशीत हसल्यासारख्या हसल्या, म्हणजे मिशी नाही त्यांना, पण तसं.

उत्तर मुदतीत गेलं. त्यात बाईंनी आणखी एक मुद्दा घातला होता, की 142 व्या कलमाखाली बिनबुडाच्या धमकीबद्दल आम्हालाही दावा करता येतो. तो आपण लढवणार नाही, पण कागदावर असू दे, म्हणाल्या. आणि माझ्या आग्रहावरून आत्यांचा प्रश्नही: तुमच्या अशिलांनी हे नाव कशावरून घेतलं, त्यांच्याकडे या नावाची कुणी व्यक्ती आहे का.

दोन महिने काही नाही. हंगाम तोवर संपला. फोनवरच्या ऑर्डरींवर निभावलं, बायकांची मजुरी थकू दिली नाही, पण नवीन साड्यांची खरेदी थांबवली. फेब्रुवारीत त्यांचा प्रस्ताव आला. पाच लाखांचा उल्लेख गायब. तुम्ही नाव वापरा, पण सातारा जिल्ह्यापुरतं, ऑनलाइन नाही, आणि नोंदणीला पुढे कधी हरकत घेणार नाही असं लिहून द्या. मिस्टरांचं मत सही करून मोकळं व्हावं असं होतं. कोर्टाच्या तारखा त्यांनी वडिलांच्या बांधाच्या दाव्यात बघितल्यात, त्यामुळे मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. पण आमची दुपटी सातारा जिल्ह्यात विकतच कोण घेतं? इथे प्रत्येक घरात आजी आहे. आमचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं आणि परदेशातलं.

सही केली नाही. त्यांची नोंदणी रद्द करावी म्हणून मुंबईत अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडे अर्ज टाकला. फी 2,700 रुपये, बाईंची वेगळी. आमच्या नावाचाही स्वतंत्र अर्ज केला, 2014 पासून वापर असं लिहून. छोट्या उद्योगांची असते ती उद्यम नोंदणी असल्यामुळे 9,000 ऐवजी 4,500 त भागलं. त्यावर रजिस्ट्रीचा तपासणी अहवाल आला, त्यात अपेक्षेप्रमाणे त्या कंपनीचीच नोंदणी आडवी घातलेली. 'गोधडी' या शब्दावर कुणालाच एकट्याचा हक्क मिळणार नाही, हेही त्यात होतं, आणि ते रास्तच आहे. उत्तर 30 दिवसांत दिलं. दोन्ही प्रकरणं आता एकमेकांकडे बघत बसली आहेत.

प्रस्तावासोबत आमच्या प्रश्नाचंही एका ओळीत उत्तर होतं. नाव त्यांच्या ब्रँडिंग एजन्सीनं सुचवलं, या नावाची कुणी व्यक्ती कंपनीत नाही. आत्यांना ते मराठी करून सांगितलं. त्या सुईत दोरा ओवत होत्या.

"मग झालं की," त्या म्हणाल्या. "आता सोडू नगंस."