डोंगलची जागा

टेबलावरच्या वायरींच्या गुंत्याला कंटाळून मी वायरलेस कीबोर्ड-माउसची जोडी आणली. खोक्यावर विंडोज आणि मॅक एवढीच नावं. बायकोनं ते वाचून विचारलं, "तुझ्या त्या लिनक्सवर चालेल का हे?" मी ठोकून दिलं, "न चालायला काय झालं?" मनात धाकधूक होतीच.

पण चाललं. जोडीचे सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी तुकडा, म्हणजे डोंगल, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात खोचला आणि मिंटच्या (माझ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव) स्क्रीनवर बाण हलला. ड्रायव्हर वगैरे काही नाही. असा डोंगल कॉम्प्युटरला आपली ओळख साधा यूएसबी कीबोर्ड आणि साधा माउस अशीच करून देतो. हवेतून येणं-जाणं तो परस्पर उरकतो, त्यामुळे पलीकडे वायर आहे की नाही हे सिस्टीमच्या गावीही नसतं.

तिसऱ्या रात्री माउस अडखळायला लागला. बाण थांबायचा, मग एकदम वीतभर उडी मारायचा. मी मराठी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत टाइप करतो. तिथे मधलं एखादं बटण गिळलं गेलं तर लगेच कळतं, कारण अक्षराचा पाय मोडणारा हलन्त उडतो. 'नमस्कार'चं 'नमसकार' झालं, 'पुस्तक'चं 'पुसतक'.

साहजिकच संशय लिनक्सवर. सेल बदलले. वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरणांना झोपवणारी ऑटोसस्पेंडची सोय बंद केली. ग्रबमधून, म्हणजे सुरुवातीच्या मेनूतून, जुनं कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालू करून पाहिलं. दोन रात्री यात गेल्या, आणि वाईट म्हणजे प्रत्येक उपायानंतर तासभर सगळं ठीक चालायचं, म्हणजे मी खूश.

उलगडा झाला तो योगायोगानं. बॅकअप संपला, बाहेरची हार्ड डिस्क काढली, आणि माउस लोण्यासारखा चालला. परत लावली, कॉपी सुरू केली, की पुन्हा उड्या. डिस्क आणि डोंगल शेजारशेजारच्या निळ्या पोर्टांत होते. निळं म्हणजे यूएसबी ३. त्यातून डेटा वेगानं धावतो तेव्हा जो रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. डोंगल त्याच पट्ट्यात बोलणारा. इंटेलनं यावर २०१२ मध्येच सविस्तर लेख काढला होता. माझ्यापर्यंत तो पोचायला दोन रात्रींचं जागरण लागलं. उपाय ड्रॉवरमध्ये पडून होता: हातभर यूएसबी एक्स्टेंशन केबल. तिच्या टोकाला डोंगल लावून तो मॉनिटरच्या पायाशी आणून ठेवला. वायर टाळण्यासाठी घेतलेल्या वस्तूला वायर जोडावी लागली, असो. हलन्त परत आले.

मित्राकडे लॉजिटेकचा युनिफाइंग रिसीव्हर आहे, तोही डोंगलच. त्या एकावर सहा उपकरणं जोडता येतात, आणि लिनक्सवर ही जोडणी करायला नि बॅटरी किती उरली ते बघायला 'सोलार' नावाचं छान मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यानं ते एकदा टाकलं आणि विसरला.

मी मात्र हौसेनं पुढे ब्लूटूथचा कीबोर्ड घेतला. याची तऱ्हा वेगळी. जोडताना स्क्रीनवर सहा आकडे येतात, ते त्याच नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर मारायचं. मी पहिल्यांदा एंटर विसरलो आणि जोडणी फसली. दुसऱ्यांदा जुळलं, पण दुसऱ्या दिवशी कीबोर्ड आपणहून जोडला जाईना. टर्मिनलमध्ये ब्लूटूथ हाताळणारी 'ब्लूटूथसीटीएल' ही आज्ञा उघडून 'पेअर' झालेल्या त्या उपकरणाला 'ट्रस्ट'ही केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आणि मग रीस्टार्ट. माझी डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, त्यामुळे सिस्टीम चालू होण्याआधीच पासवर्डची चौकट येते. मी टाइप करतोय, चौकटीत एक टिंब उमटत नाही. ब्लूटूथ चालवणारी सेवा जागी होते सिस्टीम सुरू झाल्यावर, आणि सिस्टीम सुरू व्हायला हवा पासवर्ड. डोंगलवाल्याला ही अडचणच नाही, तो तर सिस्टीमच्याही आधी जागं होणाऱ्या बायोसमध्येही चालतो.

म्हणून डोंगल मॉनिटरच्या पायाशी अजून तसाच आहे. सकाळी ड्रॉवर उघडायचा, जुना कीबोर्ड मांडीवर घ्यायचा, पासवर्ड, एंटर, परत ड्रॉवरमध्ये. बायको चहा ठेवता ठेवता बघते. अजून काही बोललेली नाही.