दादा गेल्यावर मी रिंगमध्ये कशी उतरले?

"भाऊ गेला आणि काही आठवड्यांतच तुम्ही लढलात, जिंकलात. त्या दुःखानंच बळ दिलं असेल ना?" मी व्यावसायिक बॉक्सर आहे, आणि मला भेटणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतं. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, हे मला कळतं. म्हणूनच तुम्ही विचारलंत तर खरं उत्तर देते: नाही.

दुःखानं माझी झोप नेली, भूक नेली. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, समोरचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) एरवी खांदा हलला की कळायचा, तो आता तोंडावर बसल्यावर कळू लागला. रडू दाबलं की श्वास छातीत अडकतो, श्वास अडकला की खांदे आवळतात आणि खांदे आवळले की हात जड होतात. कुठल्याही ट्रेनरला विचारा, तो हेच सांगेल. राहिला राग. राग पहिल्या एकदोन राउंडांपुरता पुरतो. बायकांच्या किताबाच्या लढती साधारण दहा राउंडच्या, दोन-दोन मिनिटांच्या. पुरुषांच्या बारा, तीन-तीन मिनिटांच्या. रागावलेला बॉक्सर मोठे ठोसे मारतो, मोठा ठोसा हुकला की तोल जातो, आणि समोरची त्याचीच वाट पाहत असते.

लोक मला अमेरिकन बॉक्सर बस्टर डग्लसचं उदाहरण देतात. 11 फेब्रुवारी 1990, टोकियो. समोर तोवर एकदाही न हरलेला माइक टायसन. डग्लसची आई त्याआधी 23 दिवस वारली होती. आठव्या राउंडला तो खाली पडला, रेफरीची दहापर्यंतची मोजणी संपता संपता उठला आणि दहाव्या राउंडला त्यानं टायसनला आडवं केलं. लढतीनंतर आईचं नाव घेऊन तो रडला. ते खरंच होतं, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हाच डग्लस इव्हँडर होलिफिल्डसमोर उभा राहिला. आई तीच, दुःखही तेच. टोकियोत त्याचं वजन 231.5 पौंड होतं, होलिफिल्डसमोर 246. तिसऱ्या राउंडला तो खाली गेला तो उठला नाही. दुःखात बळ असतं, तर ते आठ महिन्यांत कुठे गेलं? टोकियोतला डग्लस तयारीचा होता. त्या लढतीतला त्याचा जॅब पाहा, म्हणजे पटेल.

मग मी उतरले का? पहिलं कारण सांगते, ते ऐकायला कुणालाच आवडत नाही. करार झालेला होता. व्यावसायिक बॉक्सरला पगार नसतो. लढलं तर पैसे, नाही लढलं तर सरावाचे महिने फुकट, आणि स्पारिंगला आणलेल्या मुलींचे पैसे आपल्या खिशातून. आमच्या घरात त्या वेळी कमावणारा माणूस गेला होता. आईनं मला जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. तिनं माझ्या हातांना बांधायच्या पट्ट्या धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवल्या.

दुसरं कारण दादा. तो माझा भाऊही होता आणि ट्रेनरही. घरच्या माणसानं कॉर्नरमध्ये, म्हणजे राउंडच्या मध्ये बॉक्सरला सांभाळणाऱ्या रिंगच्या कोपऱ्यातल्या माणसांत, असू नये, असं या खेळातले पुष्कळ जाणते सांगतात. माया आली की नजर धूसर होते, बाप पोरात स्वतःचं राहून गेलेलं स्वप्न बघतो, असं त्यांचं म्हणणं. अशी घरं मी पाहिली आहेत, ते खोटं नाही. पण आमच्याकडे उलट होतं. दोन राउंडांमधल्या त्या एका मिनिटात दादा मला "तू जिंकणार" असं कधीच म्हणाला नाही. पाणी द्यायचा, भुवईवर बर्फाची पिशवी दाबायचा आणि विचारायचा, "आता कितवा राउंड?" प्रेक्षकांना वाटायचं, तो काहीतरी डावपेच सांगतोय. तो माझं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासत असायचा. उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला, तर तो लढत थांबवणार, हे मला ठाऊक होतं. मी कितीही ओरडले तरी.

मी लढायची ती या भरवशावर. थांबायचं कधी, हा विचार मला करावाच लागायचा नाही. तो दादाचा. त्यामुळे माझ्यापाशी असेल नसेल ते सगळं मी पुढे जाण्यात घालू शकायचे. लोक ज्याला माझी जिद्द म्हणतात, तिच्यातला अर्धा भाग माझ्या पाठीमागे स्टुलाशी उभा असायचा.

1975 साली मनिलामध्ये अली-फ्रेझर लढतीत चौदाव्या राउंडनंतर ट्रेनर एडी फचनं फ्रेझरला उठू दिलं नाही. फ्रेझरला दिसत नव्हतं, तरी त्याला लढायचं होतं. फच त्याचा बाप नव्हता, पण त्यानं केलं ते बापाचं काम. डिऑन्टे वाइल्डर बॉक्सिंगमध्ये आला तो मुलीसाठी. ती पाठीच्या कण्याचा दोष घेऊन जन्मली होती आणि उपचारांना पैसे हवे होते. 2020 मध्ये टायसन फ्युरीविरुद्ध सातव्या राउंडला त्याचा ट्रेनर मार्क ब्रेलंडनं लढत थांबवायला रिंगमध्ये टॉवेल टाकला, तेव्हा वाइल्डर त्याच्यावर इतका चिडला की त्यांची साथच सुटली. मला मात्र नेहमी वाटतं, त्या मुलीच्या बाजूनं त्या रात्री कुणी उभं होतं तर तो ब्रेलंड.

आणि घरासाठी लढणाऱ्याचाच विजय होतो, असं ज्यांना वाटतं, त्यांनी रे मॅन्सिनी आणि किम डुक-कू यांची लढत आठवावी. मॅन्सिनीचे वडील नावाजलेले बॉक्सर, पण दुसऱ्या महायुद्धात जखमी झाले आणि किताब राहून गेला. तो वडिलांसाठी मिळवायचा, हे मुलानं लहानपणीच ठरवलं. 1981 मध्ये त्याचा मोठा भाऊ गोळी लागून गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात रेनं किताब जिंकला. नोव्हेंबरमध्ये समोर आला कोरियाचा किम. त्याची होणारी बायको गरोदर होती. म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत घरासाठी लढणारा माणूस, आणि दोघंही मागे हटेनात. चौदाव्या राउंडला किम कोसळला आणि चार दिवसांनी गेला. त्याचा मुलगा त्याच्या माघारी जन्मला. त्यानंतर आधी वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनं आणि पुढच्या काही वर्षांत इतर संघटनांनी पंधरा राउंडच्या लढती बारावर आणल्या. मी लहान असताना ही हकीकत मला दादानंच सांगितली होती, आणि सांगताना त्यानं दोघांतल्या कुणालाच शूर म्हटलं नव्हतं.

तो गेल्यावर ठोसा कसा मारायचा, हे माझ्यापाशी होतंच. डावा हात मारून झाला की गालाशी परत आणायचा, ही सवय त्यानं इतकी वर्षं घोटून घेतली होती की ती माझ्या दुःखाला विचारून चालत नव्हती. गेलं होतं ते थांबवणारं माणूस. नव्या ट्रेनरशी मी पहिल्या दिवशी डावपेचांबद्दल बोललेच नाही. त्याला म्हणाले, "मला न विचारता लढत थांबवाल का?" तो अनुभवी माणूस. लगेच हो म्हणाला नाही. दोन-तीन दिवस माझं स्पारिंग पाहिलं, मग म्हणाला, "थांबवीन. नंतर तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल." त्या वाक्यावर मी उतरले. लढत गुणांवर जिंकले, फार देखणी झाली नाही. सहाव्या राउंडनंतर त्यानंही कितवा राउंड ते विचारलं आणि मी नीट उत्तर दिलं.

न उतरणंही असतं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. कझाकस्तानचा बॉक्सर गेनादी गोलोव्किन याचे दोन मोठे भाऊ सैन्यात असताना गेले, तरी तो खेळत राहिला, 2004 च्या ऑलिम्पिकमध्ये त्यानं रौप्यपदक मिळवलं. 2014 मध्ये वडील वारले, तेव्हा मात्र त्यानं न्यूयॉर्कची ठरलेली लढत सोडली. त्याच्या जिद्दीबद्दल कुणी शंका घेतलेली मी ऐकली नाही.

मागे एका तरुण बॉक्सर मुलीनं मला हाच प्रश्न विचारला. तिची आई नुकतीच गेली होती, लढत तोंडावर आली होती आणि सगळे तिला म्हणत होते, आईसाठी लढ. मी तिला विचारलं, तुझ्या कॉर्नरमध्ये कोण आहे, आणि तो तुला थांबवेल का? ती म्हणाली, तो तर म्हणतो, मेलीस तरी खाली बसायचं नाही. मी तिला लढत सोडायला सांगितलं, आयोजकांना काय आणि कसं कळवायचं तेही सांगितलं. तिनं आधी ट्रेनर बदलला. पुढची तारीख तिला मिळाली आहे, आणि त्या दिवशी मी तिच्या कॉर्नरमध्ये असणार आहे.